फोरमननी स्वच्छ केलेला कन्व्हर्टर

सकाळचे आठ. वळणावरच्या गॅरेजचं शटर खडखडत वर जाऊ लागतं आणि उजेड फरशीवरून आत सरकतो. आधी दिसते ती फरशीच, धुतलेली आणि अजून ओली. मग जॅकचे पाय. मग एका निळ्या व्हॅनची पुढची दोन चाकं. उजेड कमरेएवढा चढला की लांबलचक टेबल दिसतं. त्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर रॉकेलमध्ये धुतलेले नटबोल्ट उंचीप्रमाणे ओळीत, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे. भिंतीवर पाने टांगलेले. प्रत्येक पान्यामागे काळ्या रंगाने त्याची आकृती काढलेली, म्हणजे कुणी पाना जागेवर ठेवला नाही तर भिंतच चुगली करते. कोपऱ्यात शिलाईचं मशीन आणि त्यामागे गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या वहिनी. शटर पुरतं वर गेलं की सर्वांत शेवटी दिसतात ते आमचे नायक: साठी ओलांडलेले, किडकिडीत, अंगात इस्त्रीचा निळा डगला आणि खिशात पांढरा रुमाल.

"अक्का, खुर्ची पुसलीय. बसा," ते म्हणतात आणि पहिला अंक सुरू होतो.

मी वरच्या मजल्यावर राहते. चाळीस वर्षं रंगमंचावर राण्या, सासवा आणि एकदोन भुतं केली. आता सकाळचा चहा घेऊन खाली येते आणि दुसऱ्यांचं काम बघत बसते. खोटं कशाला बोलू, इतकं बांधीव काम मी मोठमोठ्या नटांचंही पाहिलेलं नाही.

सगळं गाव त्यांना फोरमन म्हणतं. सतराव्या वर्षी बसडेपोत लागले ते गाड्या धुवायला. पाइप धरायचा, चिखल उडवायचा, एवढंच काम. पण एके दिवशी ब्रेकच्या दांड्यावरचा चिखल यांनी नखाने खरवडला आणि खाली केसासारखी बारीक भेग दिसली. ती बस तासाभरात घाट उतरणार होती. साहेबांनी पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: घाण म्हणजे लपवाछपवी. धुणाऱ्याचे मदतनीस झाले, मदतनिसाचे मेकॅनिक, मेकॅनिकचे फोरमन. त्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक भाग घासलेला, पुसलेला आणि चंदेरी रंग दिलेला असायचाच. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे गॅरेज काढलं आणि ती सवयही बरोबर घेऊन आले.

बोलण्याची तऱ्हा तर अशी की इंजिनाला अहो-जाहो आणि माझ्यासारख्या एकदोघी सोडल्या तर माणसांना अरे-तुरे. "अहो, जरा दम धरा, आत्ता तेल देतो," असं एखाद्या इंजिनाच्या कानात सांगतील आणि त्याच श्वासात गिऱ्हाइकाला म्हणतील, "तू हो बाजूला." वहिनी म्हणतात, "माझं लग्न झालं तेव्हा मी माणूस होते, हीच चूक झाली. गिअरबॉक्स असते तर मान मिळाला असता."

या दोघांची एकुलती एक मुलगी चिमी. नऊ वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि डावा गुडघा वाकेनासा झाला. आता ती तिशीत आहे, खांद्याने रुंद, आवाजाने खणखणीत. त्या गुडघ्याबद्दल कुणी हळहळलंच तर म्हणते, "एक पाय बसूनच असतो, म्हणून दुसरा ताजा राहतो." क्लच दाबायला डावा पाय लागतो, म्हणून फोरमननी तिच्यासाठी ऑटोमॅटिक गिअरची जुनी व्हॅन शोधून आणली. मोकळ्या मैदानात तिला शिकवलं. आज चार वर्षं ती विशेष मुलांच्या शाळेची गाडी चालवते. सात मुलं, त्यांतली तीन चाकाच्या खुर्चीतली. त्यांना दारातून उचलायचं, पट्टे बांधायचे आणि सांभाळून न्यायचं. हे काम म्हणजे चिमीचा जीव की प्राण.

सुट्टी लागली त्याच आठवड्यात व्हॅनच्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, तुटला. शाळा उघडायला महिना होता. फोरमन म्हणाले, "इंजिनच बदलू," आणि गेले ग्रीसबाबाकडे.

ग्रीसबाबा हा एके काळचा डेपोतलाच पोरगा, फोरमनच्या हाताखालचा. कपाळापासून चपलेपर्यंत काळ्या ग्रीसने माखलेला असायचा, म्हणून ते नाव. फोरमननी त्याला एकदा सगळ्यांदेखत "आधी आंघोळ करून ये" म्हणून कामावरून घरी पाठवलं होतं. पुढे त्याने स्वतःचं आवार टाकलं. जुनी इंजिनं विकतो आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे कन्व्हर्टर उघडून दुरुस्त करतो. ते काम आसपास दुसऱ्या कुणाला जमत नाही.

हा कन्व्हर्टर काय असतो ते मला याच गॅरेजात कळलं. क्लच नसलेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक पोलादी गोळा फिरतो, दोन खोल ताटल्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा. तोच टॉर्क कन्व्हर्टर. तो बोल्टनी बसतो एका पातळ पोलादी चकतीवर, तिला म्हणतात फ्लेक्स प्लेट. आणि ती चकती बसते इंजिनाच्या क्रँकवर. इंजिन फिरलं की चकती फिरते, चकतीबरोबर गोळा, आणि पुढचं सगळं आतलं तेल बघून घेतं.

चिमीच्या गाडीचा कन्व्हर्टर गळायला लागलाच होता. ग्रीसबाबाने इंजिन दिलं, त्याच्याबरोबरची चकती आणि कन्व्हर्टरही दिला आणि म्हणाला, "जोडी आहे, फोरमन. जोडीनेच न्या, जोडीनेच बसवा." फोरमननी मान डोलावली. आणि घरी येऊन नेहमीप्रमाणे सगळं पुसायला घेतलं.

इथे मला थांबावंसं वाटतं. नाटकात एक क्षण असा असतो की पात्राला काही ठाऊक नसतं आणि प्रेक्षक मात्र खुर्चीच्या कडेला येऊन बसतात. तो क्षण माझ्या डोळ्यांदेखत घडला आणि मी मजेत चहा पीत होते.

त्या गोळ्याच्या पाठीवर बोटाच्या दोन पेरांएवढे दोन लोखंडी तुकडे वेल्ड केलेले होते. ओबडधोबड, गंजलेले, दोन्ही एकाच बाजूला. फोरमननी चष्मा कपाळावर चढवला. "बघा अक्का, कुणा गाढवाचं काम आहे! कुठेतरी तडा गेला असेल, वर ठिगळ मारून मोकळा झाला." चहूबाजूंनी तपासलं, तडा कुठेच नव्हता. "म्हणजे नुसतीच घाण!" त्यांनी ग्राइंडर घेतला. ठिणग्यांचं कारंजं उडालं, तुकडे टणटण खाली पडले आणि झाडून भंगाराच्या डब्यात गेले. त्या जागा कानशीने गुळगुळीत झाल्या. चंदेरी रंगाचे दोन हात बसले. तो गोळा असा लखलखला की त्यात मला माझा चेहरा दिसला. मी टाळ्या वाजवल्या.

व्हॅन सुरू झाली त्या दिवशी बोल्ट कमी पडला नाही की उरला नाही. चिमीने एक फेरी मारली आणि परत येऊन खिडकीतून म्हणाली, "बाबा, गाडी थरथरतेय."

"नवं घर आहे त्यांचं. रुळतील."

ते रुळले नाहीत. वेग धरला की सीट, स्टिअरिंग, दारं सगळं एका सुरात थरथरायचं. चिमीचं म्हणणं आरशाबद्दल होतं. मागच्या मुलांवर नजर ठेवायला तिने वर एक रुंद आरसा बसवला होता. तो इतका थरथरायचा की त्यात काहीच स्पष्ट दिसेना. "सात मुलांची चौदा होतात, बाबा. कुणाचा पट्टा सुटला, कुणाची मान कलली, मला कळणार कसं?"

फोरमननी इंजिनाखालचे रबर बदलले. काही फरक नाही. चाकांचा तोल करून आणला. नाही. मागच्या लांब दांड्याचे सांधे बदलले. नाही म्हणजे नाही.

"बाबा, उभ्या गाडीतही हलतं," चिमी म्हणाली. "गिअरमधून काढा, नुसतं इंजिन पळवा, तरी तेच. आणि उतारावर गाडी पळत असताना इंजिन हळू केलं की थरथर थांबते. चाकांचा काय संबंध?"

"तू गाडी चालव. इंजिनाचं मी बघतो."

हे तिने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा हेच उत्तर. तिसऱ्या वेळी वहिनी मशीनवरून म्हणाल्या, "अहो, तिचं ऐका की जरा! इंजिन बोललं असतं तर कान देऊन ऐकलं असतंत."

शाळेच्या मुख्य बाई बुधवारी आल्या. त्या गाडीत बसून कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत येऊन खाली उतरल्या. चांगल्या बाई, पण मुलांच्या बाबतीत दगड. "चिमी, मला तूच हवी आहेस," त्या म्हणाल्या. "पण या आरशाच्या भरवशावर मी मुलं पाठवणार नाही. शाळेकडे दुसरी व्हॅन येऊ शकते. ती क्लचची आहे, तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर येईल. शनिवारी दुपारी मी पुन्हा येते. तोवर हे थांबलं तर सोमवारी तू, नाहीतर तो."

"बाई, इंजिनच खोटं निघालं," फोरमन म्हणाले. "ज्याच्याकडून घेतलं त्या ग्रीसबाबाने मला फसवलं."

आणि बाई गेल्यावर त्यांनी ग्रीसबाबाला फोन केला. काय काय बोलले ते मी लिहीत नाही. एवढंच सांगते की एकदाही अहो म्हणाले नाहीत.

गुरुवारी सकाळी ग्रीसबाबा स्वतः दारात उभा. त्याच्या मागे फरशीवर काळ्या पावलांची रांग. फोरमनची नजर आधी त्या पावलांवर गेली.

"फोरमन, वीस वर्षं धंदा करतोय. फसवणारा म्हणालात?"

"इंजिन हलतंय तुझं."

"कधी हलतं?"

फोरमननी तोंड उघडलं, पण उत्तर दिलं चिमीने. उभ्या गाडीत, गिअरशिवाय, इंजिन वाढवलं की. उतारावर नाही. ग्रीसबाबाने मान तिच्याकडे वळवली. "परत सांग ताई." तिने परत सांगितलं. अख्खं एक मिनिटही लागलं नाही. तो म्हणाला, "मग चाकांचं नाव कशाला काढलंत? इंजिनाबरोबर जे फिरतं त्यातच आहे हे. बॅटरी द्या."

तो गाडीखाली सरकला, गिअरबॉक्सच्या तोंडावरचं छोटं झाकण काढलं आणि आत उजेड टाकला.  मग:

"फोरमन, हा इतका स्वच्छ कुणी केला?"

"मी. का?"

"वजनं कुठायत?"

"कसली वजनं?"

तो बाहेर आला आणि फरशीवरच बसला. "पाठीवर दोन तुकडे होते. एका बाजूला."

वहिनींचं मशीन थांबलं.  फोरमन टेबलाला टेकले. मग त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि उगाचच हात पुसले. हात कोरडेच होते.

ग्रीसबाबाने समजावलं ते मात्र हळू आवाजात. काही इंजिनांचा तोल त्यांच्या पोटातच असतो, क्रँकवरच सगळी वजनं. मागे काहीही लावा, गोल असलं म्हणजे झालं. चिमीचं जुनं इंजिन तसलं होतं. हे नवं तसं नाही. याच्या क्रँकला वजन कमी पडतं, ते कारखान्यातच कन्व्हर्टरच्या पाठीवर डकवतात. म्हणून चकतीचं एक भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं असतं, म्हणजे गोळा एकाच बाजूने बसेल आणि वजन बरोबर जागी येईल.

"ते भोक मी पाहिलं होतं," फोरमन पुटपुटले. "म्हटलं, कुणीतरी वाकडं पाडलंय."

मला मात्र लगेच समजलं. नाटकात राजवाड्याचा पडदा वर ओढतात तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळूचं मळकट पोतं लटकत असतं. एका दौऱ्यावर नव्या व्यवस्थापकाला ते पोतं खुपलं. त्याने ते सोडवून नीट कोपऱ्यात ठेवलं आणि दुसऱ्या अंकात अख्खा राजवाडा माझ्या मुकुटावर आला. हे मी तिथे सांगितलंसुद्धा. ग्रीसबाबा खो खो हसला. फोरमन हसले नाहीत.

"माझ्या आईने दिलेला नक्षीचा डबा," वहिनी म्हणाल्या, "यांनी घासून घासून नक्षीच घालवली होती. तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं."

सगळे चिमीकडे बघू लागले. गाडी तिची, काम तिचं, शनिवार तिचा. ती व्हॅनला टेकून उभी होती. मला वाटलं, आता फुटणार. ती म्हणाली, "बाबा, गिअरबॉक्स उतरवायला किती वेळ लागेल?"

"तीन तास," फोरमन म्हणाले.

"मग आत्ताच धरू या. बोल्ट मी लावते ओळीत."

भंगाराचा डबा केव्हाच रिकामा झाला होता, ते तुकडे परत मिळणं शक्य नव्हतं. ग्रीसबाबाकडे त्याच जातीचा एक कन्व्हर्टर पडून होता. आतून मोडलेला, बसवायच्या कामाचा नाही, पण पाठीवरची वजनं शाबूत. शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे त्याच्या आवारात. हो, मीसुद्धा. शेवटचा प्रवेश सोडून घरी बसणाऱ्यांतली मी नाही.

त्याने मोडक्या गोळ्याच्या पाठीवर कागद अंथरला, सरकवलेल्या भोकापासून मापं घेतली आणि पेन्सिलने दोन्ही वजनांच्या कडा उतरवल्या. तो कागद फोरमनच्या लखलखत्या गोळ्यावर ठेवून खुणा केल्या. त्याच मापाचे दोन तुकडे कापले आणि तराजूत जोखले. एक किंचित जड निघाला. फोरमननी कानस उचलली आणि दोन-दोनदा घासून पुन्हा तराजूत घालत राहिले. घासण्यात त्यांचा हात कोण धरणार! काटा मधोमध आला तेव्हा ग्रीसबाबा म्हणाला, "असं फक्त तुम्हालाच जमतं, फोरमन." ते शब्द त्याने मनापासून काढले होते, आणि मनापासून पोचले.

मग ओलं फडकं गुंडाळून, थोडं थोडं करत वेल्डिंग. घाई केली तर उष्णतेने गोळा वाकतो. शेवटी दोन्ही गोळे आळीपाळीने तोल बघायच्या मशीनवर चढवले. दोन्ही एकाच जागी, एकाच मापाने जड. चिमीने आकडे दोनदा वाचून घेतले.

"आता यावर रंग?" ग्रीसबाबाने डोळा मारत विचारलं.

"नको," फोरमन म्हणाले. मग जरा थांबून, "गंजेल मात्र." मग आणखी थांबून, "एक पातळ हात."

संध्याकाळी चिमीने इंजिन सुरू केलं. मी डोळे मिटून ऐकलं. चांगला गवई सूर लावतो तेव्हा तंबोरा त्यात मिसळून वेगळा ऐकूच येत नाही, तसं काहीतरी. तिने इंजिन वाढवलं, आणखी वाढवलं. आरसा जागच्या जागी. त्यात मागच्या सीटवर बसलेल्या वहिनी दिसत होत्या, आणि त्या एकच होत्या. "एकच पुरे," फोरमन म्हणाले आणि वहिनींनी मागून त्यांच्या पाठीत बुक्की घातली.

शनिवारी दुपारी बाई आल्या. चिमीने त्यांना लांबची फेरी मारून आणली. उतरल्या त्या हसतच. "झालं की हो! पण त्या इंजिनवाल्याला मी सोडणार नाही. शाळेच्या दोन गाड्या त्याच्याकडे दुरुस्तीला आहेत, त्या उद्याच काढून घेते."

चूप राहिलं असतं तरी चाललं असतं. ग्रीसबाबा तिथे नव्हता, आणि आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नसतं. आणि बोललं तर चिमीच्या हातातला सोमवार कदाचित निसटणार होता. फोरमननी एकदा चिमीकडे पाहिलं. तिने मान हलवली, होकारार्थी.

"बाई, त्याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "इंजिन चांगलं होतं. बिघाड मी केला. त्यावरची तोलाची वजनं मी घाण समजून काढून टाकली. दुरुस्त त्याने केलं."

बाईंचं हसू मावळलं. "म्हणजे तुमच्या हातून बिघडलेल्या गाडीत मी मुलं बसवायची? कुणाच्या भरवशावर? तुम्ही खात्री देता?"

महिन्याभरापूर्वी हे विचारलं असतं तर फोरमननी छाती ठोकली असती. या वेळी ते बाजूला झाले. "ते हिला विचारा. बिघाड कुठे आहे ते ही आठ दिवस सांगत होती. मी ऐकलं नाही."

चिमी पुढे आली. "काल संध्याकाळी दोन तास आणि आज सकाळी दोन तास चालवली, बाई. रिकामी, मग मागे तीन रिकाम्या खुर्च्या आणि सात पोती बांधून. चढावर, उतारावर, उभ्यानं. आरसा हलला नाही. पुन्हा कधी हलला, तर मी मुलांना बसवायच्या आधी तुम्हाला फोन करेन. बाबांना नंतर."

 बाईंनी पर्समधून वेळापत्रकाचा कागद काढून तिच्या हातात दिला. "सोमवारी सात वाजता. पहिलं घर तेच, कोपऱ्यावरचं." चिमीने कागद इतका घट्ट धरला की त्याला सुरकुती पडली. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि वर मला म्हणाल्या की धागा ओवताना डोळ्यांना त्रास होतो.

जाता जाता बाई व्हॅनपाशी थांबल्या. गाडी परत येताच फोरमननी सवयीने पुढचं झाकण उघडून ठेवलं होतं. आत सगळं चंदेरी, लखलखीत. त्या वाकून बघत राहिल्या आणि न राहवून म्हणाल्या, "बिघाड ओळखला मुलीने, दुरुस्ती केली त्याने. मग फोरमन, तुम्ही यात नक्की काय केलंत?"

फोरमननी रुमालाने झाकणाची कड पुसली.

"मी? रंगकाम, बाई."